उंबरठा आणि पिंजरा

संकेश्वर हे वाटेवरचे गाव. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता कागल, कोगनोळी, निपाणी ही गावे मागे टाकीत येथे येतो आणि पुढे बेळगावकडे वळतो. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लज करीत संकेश्वरास येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. करवीर-संकेश्वर पीठाच्या नावातच आजच्या दोन राज्यांतील दोन स्थाने शेजारी बसली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तथापि लेकीबाळींचा, बाजाराचा आणि दवाखान्याचा संबंध गडहिंग्लज-कोल्हापुराशी होता तसाच राहिला. अशा गावी सरकारने ‘हद्द ओलांडू नका’ असे फर्मावले, की त्याचा अर्थ पुण्यामुंबईहून निराळा होतो. तेथे कुटुंब घरात अडकते. येथे कुटुंबाचेच दोन भाग होतात. मराठी मुलुखाबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे फोडून सांगावयास नको.

करोनाची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली. टाळेबंदीने काय साधले आणि काय मोडले, याची चर्चा मात्र अद्याप अपुरी आहे. त्याच सुमारास, म्हणजे २०२३ पासून, विलायतेत दुसरा एक वाद गाजू लागला: दोषी ठरलेला गुन्हेगार शिक्षा ऐकण्यास येण्याचे नाकारीत असेल, तर त्याला बळाने न्यायासनासमोर उभे करावे काय? वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. एकात निरपराध माणसाला घराच्या उंबरठ्याआत डांबावयाचे आहे, दुसऱ्यात अपराध्याला कोठडीतून काढून पिंजऱ्यात आणावयाचे आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. शासन जेव्हा माणसाच्या देहावर हुकूम चालविते, तेव्हा त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे दायित्व शासनावर येते की नाही? आमच्या मते ते येते. जो सक्ती करतो त्याने समोर उभे राहून कारण सांगितले पाहिजे, आणि ज्याच्यावर सक्ती होते त्याला बोलू दिले पाहिजे.

ही गोष्ट महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला जे उपाय आवश्यक वाटतील ते योजण्याची मुभा त्याने दिली, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली, आणि शेवटच्या कलमाने सद्‌बुद्धीने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कोणतीही फिर्याद चालणार नाही असा बंदोबस्त केला. पुण्यात प्लेग कमिटीचा कारभार रँडसाहेबाकडे आला. गोरे सोजीर घरोघर शिरू लागले, देवघरात आणि माजघरात झडती होऊ लागली, संशयितांना विलगीकरणाच्या छावणीत नेऊ लागले.

रोग्याला दूर ठेवणे आमच्या लोकांना अपरिचित होते असे मुळीच नव्हे. साथ आली की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याची रीत या प्रदेशातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींत आजही सापडते. प्लेगच्या त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. लोकमान्य टिळक पुणे सोडून गेले नाहीत. हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ काढण्याच्या खटपटीत ते होते. तेव्हा लोकांचा रोष उपायावर होता त्याहून अधिक तो उपाय राबविणाऱ्यांच्या बेमुर्वतपणावर होता. तक्रार ऐकण्यास कोणी नव्हते. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर फासावर गेले. रँडच्या वधानंतर सरकारने ‘केसरी’तील लेखनावर राजद्रोहाचा खटला भरला आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

एकशे तेवीस वर्षांनी तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि त्याच मध्यरात्रीपासून साऱ्या देशास एकवीस दिवसांची टाळेबंदी लागू झाली. तिला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार होता. राज्यांनी १८९७ चा साथरोग कायदाही हाती घेतला. एप्रिलमध्ये कर्नाटकाने स्वतःचा साथरोग वटहुकूम काढला. चार तासांच्या अवधीत माणसाने काय करावे? जो घरी होता तो घरी राहिला. जो वाटेवर होता तो वाटेवरच राहिला. ८ मे २०२० रोजी पहाटे, जालन्याहून लोहमार्गाने पायी निघालेले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. त्यांना कोणत्याही न्यायालयाने कसलीही शिक्षा सुनावलेली नव्हती.

सीमाभागाची कहाणी याहून सौम्य, पण तिची कळ लांबत गेली. १८ मे २०२० रोजी कर्नाटकाने महाराष्ट्रासह चार राज्यांतील लोकांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यास बहात्तर तासांच्या आतील आरटी-पीसीआर तपासणीचा दाखला आवश्यक झाला, आणि कोगनोळीचा नाका हे नाव घरोघर पोहोचले. लग्नाला पन्नास आणि अंत्यविधीला वीस माणसे ही मर्यादा सर्व देशालाच होती. परंतु त्या विसांत बसणारा सख्खा भाऊ नाक्यापलीकडे असेल तर त्याने दाखला येईतो थांबावे की तसेच निघावे? मृतदेह थांबत नसतो. हुकूम लिहिणाऱ्याच्या नकाशावर जी रेघ होती, ती येथे एका कुटुंबाच्या मधून जात होती.

अशी रेघ न्यायालयासमोर नेता येते, हे केरळने दाखविले. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने मंगळूरकडे येणारे रस्ते मातीचे ढीग टाकून अडविले. कासरगोडच्या रुग्णांना मंगळूरची इस्पितळे बंद झाली. १ एप्रिल रोजी केरळ उच्च न्यायालयाने वाट मोकळी करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि आठवडाभरात रुग्णांना सोडण्याची रीत ठरली. सुनावणी झाली म्हणून वाट निघाली. रोगाचा प्रतिबंध त्यामुळे बंद पडला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

टाळेबंदी सर्वस्वी व्यर्थ होती असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. आरंभी रोगाचे स्वरूप कळलेले नव्हते. इस्पितळांत प्राणवायूची सोय, तपासणीची साधने, परिचारिकांना अंगरखे व मुखपट्ट्या, या सर्वांची तयारी करण्यास थोडा अवधी हवा होता आणि तो मिळाला. २०२१ च्या वसंतातील दुसऱ्या लाटेत प्राणवायूविना तडफडलेले जीव ज्यांनी पाहिले, ते प्रतिबंधाची थट्टा करणार नाहीत. पण दुसऱ्या बाजूस मुलांच्या पाट्या कोऱ्या राहिल्या. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत, दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली शंभरांत सत्तावीस होती. २०२२ साली ती वीसांवर आली. कर्नाटकात शिक्षकांनी वाडीवस्तीवर जाऊन शिकविण्याची ‘विद्यागम’ योजना सुरू झाली होती, तीही ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवावी लागली. सरकारी मराठी शाळेत शिकणाऱ्या सीमाभागातील मुलांना घराबाहेरचे मराठी वाचन आधीच तुटपुंजे. त्यांचे वर्गच दोन वर्षे विस्कळीत झाले, तेव्हा गेले ते केवळ पाठ्यपुस्तकाचे धडे नव्हते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. निर्दोष माणसे अशी न ऐकता घरात कोंडली गेली. मग ज्याचा दोष सिद्ध झाला आहे त्याच्याशी आपला कायदा कसा वागतो?

इंग्लंडमध्ये २०२३ च्या ऑगस्टात सात अर्भकांच्या हत्येबद्दल दोषी ठरलेली एक परिचारिका शिक्षा ऐकण्यास कोर्टात आलीच नाही. मुलांच्या आईबापांनी आपले दुःख रिकाम्या पिंजऱ्यासमोर वाचून दाखविले. लोकांना हे असह्य झाले. मे २०२५ मध्ये तेथील सरकारने विधेयक आणले: न्यायाधीशाने हजर राहण्याचा हुकूम द्यावा, तो मोडल्यास दोन वर्षांपर्यंत अधिक कैद आणि तुरुंगातील सवलतींची कपात व्हावी. पक्षाचे म्हणणे असे, की आपल्या कृत्याने कोणाचे घर उद्‌ध्वस्त झाले हे अपराध्याने कानांनी ऐकलेच पाहिजे. प्रतिपक्ष विचारतो, जन्मभर तुरुंगात राहणाऱ्यास आणखी दोन वर्षांचे भय कसले? आणि ओढून आणलेल्या माणसाने तेथे आरडाओरड केली, हसून दाखविले, तर त्या आईबापांच्या वाट्याला काय आले?

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने फार पूर्वीच सोडविला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५३व्या कलमानुसार, कोठडीतील आरोपीला निकाल ऐकण्यासाठी आणलेच पाहिजे. येणे न येणे हा त्याच्या मर्जीचा विषय नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हाच नियम आहे. फक्त दृक्‌श्राव्य साधनाने हजर करण्याची मुभा वाढली आहे. परंतु या नियमाला एक जोडनियम आहे, आणि आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो. १९७३ च्या संहितेने २३५व्या कलमात नवी तरतूद केली, की सत्र न्यायालयाने दोषी ठरविल्यानंतर शिक्षा किती द्यावी याविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घ्यावे. १९७६ साली पंजाबातील एका खटल्यात ही सुनावणी झाली नव्हती, एवढ्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली आणि प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत धाडले. याचा अर्थ असा, की आपल्याकडे दोषी माणसाला पिंजऱ्यात आणतात ते केवळ मान खाली घालावयास लावण्यासाठी नव्हे. त्याला अखेरचे बोलता यावे म्हणूनही आणतात.

त्या अखेरच्या बोलण्याचे मोल मराठी माणसास निराळे सांगावे लागू नये. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीने टिळकांना दोषी ठरविले, तेव्हा काही सांगावयाचे आहे काय, असे त्यांना विचारण्यात आले. टिळक उठले आणि ज्युरीच्या मतानंतरही आपण निर्दोषच आहोत, न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती जगाचा कारभार चालवितात, अशा आशयाची मोजकी वाक्ये बोलले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. आज ते शब्द त्याच न्यायालयाच्या भिंतीवर शिळेत कोरलेले आहेत. दावरांचे निकालपत्र मात्र अभ्यासकांनाच ठाऊक. शिक्षा देणाऱ्याने शिक्षा भोगणाऱ्यास समोर उभे केले, म्हणून इतिहासाला दोघांचाही निवाडा करता आला.

हजेरीचा नियम थोरामोठ्यांनाही चुकत नाही. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जयललिता मुख्यमंत्रिपदावर असताना त्यांना बंगळूरच्या विशेष न्यायालयात जातीने यावे लागले. न्यायाधीश जॉन मायकल डिकुन्हा यांनी चार वर्षांची कैद आणि शंभर कोटींचा दंड सुनावला. उच्च न्यायालयात ती शिक्षा टिकली नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल पुन्हा उचलून धरला तेव्हा त्या हयात नव्हत्या. उलट साथीच्या दिवसांत, मे २०२० मध्ये, नायजेरियात आणि सिंगापुरात मृत्युदंड चक्क दूरदृश्य यंत्रणेवरून सुनावण्यात आले. संसर्ग टाळण्याचे कारण खरे होते. पण ज्याचा जीव घ्यावयाचा त्याच्या नजरेला नजर देण्याचे कष्टही न्यायासनाने घेऊ नयेत, हे आम्हांला रुचत नाही. आपल्या नव्या संहितेतील मुभा अशा प्रसंगी जपून वापरली जावी.

म्हणून आमचे मत असे. दोषी ठरलेल्यास न्यायालयाच्या दारापर्यंत आणण्याची सक्ती रास्त आहे. तो दंगा करू लागला तर त्याला बाहेर नेऊन निकाल वाचावा. त्याच्याकडून पश्चात्ताप वदवून घेण्याच्या भरीस पडू नये, कारण तो कोणत्याही कायद्याला साधणारा नाही. आणि बोलण्याची संधी त्याने घेतली नाही तरी ती देण्याचे चुकवू नये.

हीच मोजपट्टी टाळेबंदीला लावली तर कोण गैरहजर दिसते? जनता हजर होती. तिला दुसरा उपायच नव्हता. गैरहजर राहिले ते शासन. पुन्हा साथ आली तर पुन्हा उंबरठे अडवावे लागतील, हे आम्ही मान्य करतो. पण त्या वेळी हुकमासोबत कारण आणि पुरेसा अवधी मिळावा, नाक्यावर मर्तिकाचे, बाळंतिणीचे, आजाऱ्याचे ऐकून तेथल्या तेथे निर्णय देणारा अधिकारी असावा, आणि साथ सरल्यावर शासनाने लोकांपुढे उभे राहून जाब द्यावा. इंग्लंडने न्यायमूर्ती राहिलेल्या हॅलेटबाईंच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी चालविली. नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात, वेळीच सौम्य उपाय केले असते तर पूर्ण टाळेबंदी कदाचित टळली असती आणि मुलांच्या हानीचा पुरेसा विचार झाला नाही, असे परखडपणे नोंदले गेले. कर्नाटकानेही २०२३ साली करोनाकाळातील खरेदीची चौकशी सोपविली, ती योगायोगाने त्याच निवृत्त न्यायमूर्ती डिकुन्हांकडे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांचा अंतरिम अहवाल आला. औषधांचा आणि साहित्याचा हिशेब विचारला गेला, हे उत्तम झाले. नाक्यावर थांबलेल्या माणसांचा आणि शाळेत मागे पडलेल्या मुलांचा हिशेब तेवढ्याच अगत्याने विचारला जावा.

तो कोणी आपण होऊन विचारील या आशेवर राहू नये. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव जेथे जेथे हा अंक वाचला जातो, तेथे प्रत्येक घरात त्या दोन वर्षांची काही ना काही नोंद असेल: रद्द झालेले तिकीट, तपासणीचा दाखला, मुलाचे प्रगतिपुस्तक, न गाठता आलेल्या अंत्यविधीची तारीख. हे कागद टाकून देऊ नका. तारीखवार लावून ठेवा आणि घरातील वृद्धांकडून त्यांची हकीकत लिहून घ्या. १८९७ ची झडती आपल्याला आज कळते ती त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले म्हणूनच. पुढे केव्हा तरी सुनावणी उभी राहिली, तर आपल्या बाजूचा पुरावा आपल्या घरात असला पाहिजे.