जनरल श्रीव्हर आणि उपग्रहांपर्यंतची वाट

अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे वेर्नर फॉन ब्राउन आठवतात, नासा आठवते. बर्नार्ड श्रीव्हर फारसे कुणाला आठवत नाहीत. ते १९१० साली जर्मनीत ब्रेमेनला जन्मले, पहिल्या महायुद्धाच्या काळात लहानपणीच अमेरिकेत आले आणि टेक्सासमध्ये वाढले. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिक आघाडीवर होते. हवाई दलाच्या या अधिकाऱ्याच्या नावावर एकही शोध नाही. तरीही अमेरिकेची उपग्रह सोडण्याची टिकाऊ यंत्रणा उभी राहिली, तिचे मोठे श्रेय श्रीव्हर यांनी बसवलेल्या कामाच्या पद्धतीला द्यावे लागते, असे माझे मत आहे.

१९५४च्या फेब्रुवारीत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या समितीने सांगितले की हायड्रोजन बॉम्ब आता पुरेसा हलका होतो आहे, त्यामुळे तो खंडापलीकडे नेणारे क्षेपणास्त्र काही वर्षांत शक्य आहे. त्याच वर्षी हे क्षेपणास्त्र घडवण्यासाठी कॅलिफोर्नियात इंगलवूड येथे, पूर्वी कॅथलिक शाळा असलेल्या इमारतीत श्रीव्हर यांचे कार्यालय सुरू झाले. गुप्ततेसाठी अधिकारी साध्या कपड्यांत येत. एक भाग पूर्ण झाला की मग पुढचा, हा जुना क्रम त्यांनी मोडला. इंजिन, दिशानियंत्रण, प्रक्षेपणतळ, सैनिकांचे प्रशिक्षण, सगळे एकाच वेळी सुरू केले आणि महत्त्वाच्या भागांसाठी दुसरा पर्यायही हाताशी ठेवला. अ‍ॅटलास या क्षेपणास्त्राचे उदाहरण बोलके आहे. वजन वाचवण्यासाठी त्याच्या टाक्या इतक्या पातळ पोलादी पत्र्याच्या केल्या होत्या की आतला वायूचा दाब उतरला, तर उभे क्षेपणास्त्र जागच्या जागी चेपून जाई. ही युक्ती फसलीच तर काय, म्हणून मजबूत सांगाड्याचे टायटन शेजारीच आकार घेत होते. डझनावारी कार्यालयांतून फिरणारी फाइल १९५५मध्ये थोडक्या हातांवर आली, तीही श्रीव्हर यांच्याच आग्रहाने.

ही पद्धत उधळपट्टीची होती, हा आक्षेप खोटा नाही. जानेवारी १९५७मध्ये याच यंत्रणेतले पहिले थॉर क्षेपणास्त्र तळावरच नष्ट झाले, जूनमध्ये पहिले अ‍ॅटलास उड्डाणानंतर उडवून द्यावे लागले. पण थॉरचे कंत्राट डिसेंबर १९५५मधले, म्हणजे जेमतेम वर्षभरात ते तळावर उभे होते. थॉरवरूनच डिस्कव्हरर उपग्रह सोडले जात. कोरोना या हेरगिरीच्या प्रकल्पाचे ते उघड नाव. एकामागून एक बारा प्रयत्न वाया गेले, तेराव्या उपग्रहाची परतलेली कुपी समुद्रातून बाहेर काढली. ऑगस्ट १९६०मध्ये चौदाव्या उपग्रहाची छायाचित्रांच्या फितीची कुपी पॅराशूटने उतरत असताना एका मालवाहू विमानाने मागे लोंबणाऱ्या आकड्यांनी हवेतच पकडली. त्या एका फितीत सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग आला, तेवढा यू-टू या हेर विमानांच्या सर्व फेऱ्या मिळून आला नव्हता. चौथ्या-पाचव्या अपयशाला घाबरून काम थांबले असते, तर हे दिसलेच नसते.

कोणी म्हणेल, अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर तर फॉन ब्राउन यांच्या लष्करी चमूने सोडला आणि कोरोनाचे खरे सूत्रधार सीआयएचे रिचर्ड बिसेल होते. दोन्ही खरे. पण एक्सप्लोररला वाहून नेणारी रॉकेटे लवकरच इतिहासजमा झाली. उलट थॉरमधून डेल्टा निघाले, अ‍ॅटलासवर बसून १९६२मध्ये जॉन ग्लेन कक्षेत गेले आणि टायटनने जेमिनीची याने नेली.

अधिक गंभीर आक्षेप नैतिक आहे: हा सारा खटाटोप शहरे जाळण्यासाठी होता. हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच कोरोनाचे फलित मला मोलाचे वाटते. सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा अफाट साठा आहे, या भीतीवर अमेरिकेचे राजकारण तापले होते. कोरोनाची छायाचित्रे हाती आल्यावर सप्टेंबर १९६१च्या गुप्तचर अंदाजात खंडापलीकडे मारा करणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची संख्या अवघी १० ते २५ वर आली. क्षेपणास्त्रासाठी बांधलेल्या थॉरनेच तो भीतीचा फुगा फोडला. श्रीव्हर यांच्या हेतूंना त्यामुळे सोवळे चढत नाही, पण परिणामांचा हिशेब हेतूंवरून करता येत नाही हे मात्र दिसते.

पद्धत माणसापासून सुटी होऊन दुसरीकडे रुजली का, ही खरी कसोटी. श्रीव्हर यांच्या हाताखाली मिनटमन क्षेपणास्त्राचे काम सांभाळणारे सॅम्युएल फिलिप्स हे हवाई दलाचे जनरल १९६४मध्ये अपोलोचे संचालक झाले आणि हवाई दलातल्या आपल्या अनुभवी अधिकाऱ्यांना त्यांनी नासात आणले. यानातला प्रत्येक बदल मंजुरीनंतरच करायचा, ही क्षेपणास्त्रांच्या कारभारातली शिस्त त्यांनीच तेथे घट्ट केली.