उभ्या गाडीतील वीज : सोय आणि धोका

हिरव्या नंबरपट्टीची मोटार आता जुहूच्या रस्त्यावर नवलाईची राहिलेली नाही. ही मोटार विजेवर धावते हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ती जागेवर उभी असताना आपल्यालाच वीज देऊ शकते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनाही तिचा हिशेब आणि तिचा धोका ठाऊक असतोच असे नाही. म्हणून ही थोडी माहिती.

गाडीच्या मोठ्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. घरातील पंखा, दिवा, फ्रीज यांना लागतो तो २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह. चार्जिंग करताना गाडीतील चार्जर घरच्या विजेचे रूपांतर करून ती बॅटरीत भरतो. काही गाड्यांतील चार्जर हेच काम उलट दिशेनेही करतो. अशा गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला कंपनीने दिलेला अडॅप्टर लावला की दुसऱ्या टोकाला नेहमीचे सॉकेट मिळते. काही गाड्यांत मागच्या सीटखालीही सॉकेट असते. आपल्याकडे ह्युंदाईची आयोनिक ५ जानेवारी २०२३ मध्ये ही सोय घेऊन आली. त्याच वर्षी सप्टेंबरात टाटांच्या नव्या नेक्सॉनमध्येही ती आली. अमेरिकेत २०२२ साली विक्रीस आलेल्या फोर्डच्या विजेवरील ट्रकमध्ये तर थेट हौद्यात सॉकेटे होती आणि त्याच्या मोठ्या प्रकारातून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज मिळे. सुतार, वेल्डर यांनी त्यावर आपली यंत्रे चालवावीत ही मूळ कल्पना.

प्रत्येक विजेच्या गाडीत ही सोय नसते. गाडी घेण्यापूर्वी दुकानदाराला स्पष्ट विचारावे. सोय नसलेल्या गाडीच्या नारिंगी वायरीतून एखाद्या हुशार मेकॅनिकने "कनेक्शन काढून देतो" म्हटले तर त्याला हात जोडावेत. नारिंगी वायर म्हणजे उच्च दाब, आणि तो जीव घेतो.

मुंबईला याची गरज काय, असे कोणी विचारील. इथली वीज क्वचित जाते हे खरे. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काही भागांना मात्र फार वेळ थांबावे लागले. करोनाचा काळ, घरोघर प्राणवायूच्या यंत्रावर माणसे. ते यंत्र सिलिंडरसारखे नसते. वीज गेली की ते थांबते. घरात असा रुग्ण असेल, तर खाली उभी असलेली गाडी ही चैनीची वस्तू राहत नाही.

आता हिशेब. घरी वापरण्याचे पाच लिटरचे प्राणवायू यंत्र साधारण ३५० वॅट घेते. एक पंखा ७५, दोन एलईडी दिवे २०, मोबाईल वगैरे २० धरले तर एकूण ४६५ वॅट, म्हणजे तासाला अर्ध्या युनिटाहून थोडे कमी. युनिट तेच, जे आपल्या वीजबिलात असते. गाडीच्या बॅटरीत ४० युनिटे मावतात आणि ती पाऊण भरलेली आहे असे समजू, म्हणजे ३० युनिटे. रुग्णाला इस्पितळात न्यावे लागले तर गाडी चालली पाहिजे, म्हणून १० राखून ठेवू. उरली २०. रूपांतरात थोडी वाया जाते, गाडी स्वतःही थोडी खाते. तरी हे सारे दीड दिवस चालेल. किती टक्क्यांवर वीज देणे थांबवायचे हे बहुतेक गाड्यांत आधी ठरवून ठेवता येते. ते अवश्य ठरवावे.

पण याच सॉकेटवर चहासाठी विजेची किटली लावली तर ती एकटीच १५०० वॅट मागते. इस्त्री हजार. २२० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे ३३०० वॅट, साधारण तेवढीच आपल्याकडील गाड्यांची मर्यादा. फ्रीज चालताना दीडशे वॅट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कैक पट ओढतो. मर्यादा ओलांडली की गाडी पुरवठा तोडते आणि प्राणवायूचे यंत्रही त्याबरोबर बंद पडते. म्हणून रुग्णाच्या यंत्राबरोबर किटली, इस्त्री, मिक्सर काहीही लावू नये. मग घरातल्या कोणाचा कितीही आग्रह असो!

मंडळांच्या कार्यक्रमालाही ही वीज चांगली उपयोगी पडते. अँप्लिफायर, चार पंखे, एलईडीचे दोन मोठे दिवे, एक प्रोजेक्टर मिळून हजार वॅटच्या आसपास भरते. चार तासांच्या सभेला चार-पाच युनिटे. विहारासमोर डिझेल जनरेटर धडधडत असला की वक्त्याचे अर्धे भाषण ऐकू येत नाही, आणि तो बंदिस्त गल्लीत ठेवला तर त्याचा विषारी धूर जिवावर बेततो. गाडीला आवाज नाही, धूर नाही. मात्र मिरवणुकीतील डीजेच्या भिंती या सॉकेटवर चालणार नाहीत. माझ्या मते ते बरेच आहे.

सर्वांत मोठा धोका वेगळाच. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून एक टोक गाडीत आणि दुसरे घरातील प्लगमध्ये खुपसायचे, म्हणजे सगळे घर उजळते, ही युक्ती काही जण सांगतात. ती कधीही करू नये. तशाने गाडीची वीज मीटरमधून उलटी रस्त्यावरच्या केबलमध्ये जाऊ शकते. पुढे ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवू शकतो. बंद समजून केबलला हात घालणारा वीज कंपनीचा कामगार त्यात मरू शकतो. तो आपल्याच एखाद्या घरातला असतो. शिवाय वायरीची उघडी पिन घरातल्या मुलाच्या हाताला लागू शकते, आणि अचानक वीज परत आली तर गाडीतील यंत्रणा जळते ती वेगळीच. वस्तू थेट एक्स्टेंशन बोर्डावर लावावी. घराचे वायरिंग जोडायचेच असेल तर परवानाधारक वायरमनकडून दोन पुरवठे एकत्र येऊ न देणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, आणि गाडीच्या कंपनीची त्याला परवानगी आहे का हे आधी पाहावे.

अर्थिंगचेही तसेच. घरच्या विजेला जमिनीचे अर्थिंग असते, गाडी मात्र रबरी टायरवर उभी असते. त्यामुळे मंडपातला नेहमीचा ईएलसीबी या पुरवठ्यावर काम करीलच असे नाही, आणि टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटू शकतो. टेस्टरवर भरवसा ठेवून वायर हाताळू नये. एक्स्टेंशन तीन पिनांचे, जाड तारेचे असावे आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरावे. गुंडाळलेली वायर तापते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने अडॅप्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, म्हणून तो कोरड्या पिशवीत ठेवावा.

राहिला पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी गाडी कामी येईल असे वाटते, पण त्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्याच पाण्यात गेल्या होत्या. पाण्यात उभ्या गाडीला अडॅप्टर लावूच नये. जपानमध्ये सप्टेंबर २०१९ च्या वादळानंतर चिबा भागातील लाखो घरांची वीज गेली, तेव्हा निसान कंपनीने विजेच्या गाड्या पाठवून तिथे वीज पुरवली. त्या गाड्या कोरड्या जागेवरून भरून आणलेल्या होत्या. आपल्याकडेही मोठ्या पावसाचा इशारा आला की गाडी पूर्ण चार्ज करून उंचावरच्या जागी नेऊन ठेवावी, आणि ती कोठे आहे व किल्ली कोणाकडे आहे हे शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवावे.