बालनटाची कमाई कोणाची?

नारायणगावच्या बाजारात मध्यंतरी एक जुना विद्यार्थी भेटला. जुन्नर तालुक्यात त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचे काम पाहून कोणीतरी तिला दूरचित्रवाणी मालिकेसाठी विचारले होते. “सर, बाग वाट्याने देऊन मुंबईला बिऱ्हाड करावे म्हणतो. पोरीचे नशीब उघडले, तर आम्हा सगळ्यांचेच उघडेल,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता. अवकाळी पावसाने गांजलेल्या माणसाची आशा होती. तथापि ‘सगळ्यांचेच’ या शब्दाने मी अस्वस्थ झालो.

बालनटांच्या उत्तरायुष्याची कहाणी आपण सहसा नियतीच्या माथी मारून मोकळे होतो. १९३३ साली जन्मलेल्या दोन मुलींचे उदाहरण घ्या. बेबी मेहजबीन १९३९ च्या ‘लेदरफेस’मध्ये आणि बेबी मुमताज १९४२ च्या ‘बसंत’मध्ये पडद्यावर आली. याच पुढे मीनाकुमारी आणि मधुबाला झाल्या. मधुबाला १९६९ साली छत्तिसाव्या वर्षी गेली. मीनाकुमारी १९७२ साली अडतिसाव्या वर्षी. मधुबालेच्या हृदयात जन्मजात दोष होता, मीनाकुमारीला यकृताच्या विकाराने गाठले. या मृत्यूंचे खापर बालपणातील कामावर फोडणे न्यायाचे ठरणार नाही. परंतु ज्या वयात पाटी-दप्तर घ्यायचे, त्या वयात दोघींच्याही खांद्यावर घराचा भार आला, हे कसे नाकारणार? डेझी इराणी यांनी तर सहाव्या वर्षी, बाह्यचित्रीकरणाच्या वेळी, सोबत पाठविलेल्या पालकानेच केलेल्या अत्याचाराची हकीकत २०१८ साली जाहीरपणे सांगितली. ‘सलाम बॉम्बे’ या १९८८ च्या चित्रपटातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या शफीक सय्यदला पुढे बंगळुरात रिक्षा चालवावी लागली. रिक्षा चालविण्यात कमीपणा नाही. पण जगभर गाजलेल्या कामातून त्याच्या पुढच्या आयुष्याची तरतूद झाली नाही, ही खरी खंत आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर बालनटाची मिळकत हे नित्याचे उत्पन्न नव्हेच. ते मुद्दल मोडून आलेले पैसे आहेत. गोंडस चेहरा आणि बोबडे बोल यांची मुदत पाच-सात वर्षांची. कारखानदार यंत्राच्या झिजेपोटी घसारा बाजूला काढतो. बालनटाच्या घरी मात्र आलेली रक्कम उत्पन्न समजून खर्ची पडते. मिसरूड फुटते, आवाज बदलतो, मागणी संपते. आणि त्या वेळी हाती ना शिक्षण असते, ना मुद्दल.

पडद्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. ज्या नारायणगावात राहुट्या टाकून तमाशाचे फड यात्रांच्या सुपाऱ्या घेतात, त्याच गावाचे नाव विठाबाईंनी महाराष्ट्रभर नेले. बालपणापासून त्या वडिलांच्या फडात वाढल्या, राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेल्या. मात्र २००२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाच्या खर्चासाठी देणग्यांचा आधार घ्यावा लागला होता. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कलावंताच्या हयातीत तरतूद नाही आणि मागाहून पुरस्कार, ही आपली रीत आहे.

अमेरिकेत ‘द किड’ या १९२१ च्या चित्रपटातील बालनट जॅकी कूगन याने मोठेपणी स्वतःच्या आईवर व सावत्र वडिलांवर दावा लावला. लाखो डॉलरच्या कमाईतून त्याच्या हाती जेमतेम सव्वा लाख आले. त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे ही जाग यायला २०१७ साल उजाडावे लागले. बालकामगार कायद्याखालील नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि सलग २७ दिवसांहून अधिक काळ राबविता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावी लागते. नियम स्तुत्य आहे, पण उरलेल्या ८० टक्क्यांचे काय? जे मूल कमावते त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा, ही वाटणी कोणत्या न्यायाची? हे प्रमाण निदान निम्म्यावर नेले पाहिजे, आणि ठेवीची पावती पाहिल्यावाचून पुढील परवानगी देता कामा नये.

याचा अर्थ मुलांनी अभिनय करूच नये, असा नव्हे. १९५३ च्या ‘श्यामची आई’मधील श्याम, माधव वझे, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि साक्षेपी नाट्यसमीक्षक झाले. पडद्यावरचे यश त्यांच्या शिक्षणाच्या आड आले नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, “पहिल्याच वर्षी वेलीला घड लागला तर तू काय करतोस?” तो हसून म्हणाला, “खुडून टाकतो, सर. आधी खोड आणि ओलांडे तयार झाले पाहिजेत. नाहीतर वेल कायमची दुबळी राहते.” मग मी त्याला सांगितले, की बाग वाट्याने देऊ नकोस, मुलीला हौस असेल तर सुट्टीपुरते काम करू दे, आणि तिची पै न पै तिच्याच नावे ठेव. शेतकऱ्याला जे वेलीच्या बाबतीत उमगते, ते शासनाला आणि आपणा पालकांना मुलांच्या बाबतीत उमगले, तर पुष्कळ आयुष्ये अकाली करपणार नाहीत.