बोलणारा फोन, सांगणारी काठी: अंधांसाठीचं तंत्रज्ञान स्वस्त कसं झालं?

हा लेख तुम्ही बहुतेक मोबाइलवरच वाचत असाल. तुमच्या हातातल्या याच मोबाइलमध्ये, ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी एक वाचक बसलेला आहे. अँड्रॉइडवर त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. तो सुरू केला की बोट जिथे टेकेल तिथलं सगळं तो मोठ्याने वाचून दाखवतो: किती वाजले, कोणाचा मेसेज आला, बातमी काय आहे, बँकेत शिल्लक किती. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही आणि एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही.

आपल्यापैकी अनेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. मग घरातल्या आजोबांची नजर काचबिंदूने किंवा मधुमेहाने अधू झाली, की त्यांच्यापुढचा पेपर जातो, मोबाइलही जातो आणि ‘आता यांचं वाचन संपलं’ असं सगळे धरून चालतात. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे ५० लाख लोकांनी दृष्टीचं अपंगत्व नोंदवलं होतं. योग्य साधन परवडलं तर त्यांच्यातली एखादी मुलगी दहावीनंतर पुढे शिकते, नोकरी करते. नाही परवडलं तर तीच मुलगी घरी बसते.

ही साधनं एवढी महाग का?

उदाहरण म्हणून ब्रेल डिस्प्ले घ्या. कॉम्प्युटर किंवा फोनवरचा मजकूर हे यंत्र बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवतं. बारीक टोकं वर येतात, खाली जातात आणि ओळ बदलते. एका अक्षराच्या जागेत अशी ८ टोकं असतात. म्हणजे २० अक्षरांच्या छोट्या डिस्प्लेमध्येसुद्धा १६० टोकं वेगवेगळी हलवावी लागतात. वर्षानुवर्षं त्यासाठी वीज दिली की वाकणाऱ्या खास स्फटिकाच्या पट्ट्या वापरल्या गेल्या. पट्ट्या महाग आणि गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे यंत्राची किंमत लाखाच्या पुढे सहज जायची.

मग वेगवेगळ्या देशांतल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था एकत्र आल्या. त्यांनी पैसे एकत्र केले आणि वेगळ्या रचनेचा स्वस्त डिस्प्ले तयार करून घेतला. ऑर्बिट रीडर २० हे त्याचं नाव. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत साधारण ५०० डॉलरच्या आसपास होती. आपल्याकडे ही रक्कमही लहान नाही, पण आधीच्या यंत्रांच्या मानाने ती फारच कमी होती.

दोन मित्रांनी फुकट दिलेला वाचक

कॉम्प्युटरची गोष्ट आणखी बोलकी आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला सर्वांत नावाजलेला जॉज घ्यायचा, तर सुमारे १,००० डॉलर लागायचे. कॉम्प्युटरपेक्षा त्याला वाचणारा प्रोग्रॅमच महाग!

ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाला हे पटलं नाही. दिसणाऱ्या माणसाला पडदा बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्हाला का पडावेत, हा त्याचा प्रश्न होता. २००६ मध्ये त्याने स्वतःच एक स्क्रीन रीडर लिहायला घेतला. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, या कामात सामील झाला. २००७ मध्ये दोघांनी एनव्ही ॲक्सेस ही संस्था काढली. त्यांचा एनव्हीडीए हा प्रोग्रॅम आजही मोफत आहे आणि त्याचा कोडही सर्वांना खुला आहे. म्हणूनच जगभरच्या स्वयंसेवकांना तो आपापल्या भाषेत नेता आला. त्याच्यासोबत येणाऱ्या मोफत आवाजांमध्ये मराठीही आहे. हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरूनही चालतो. त्यामुळे स्वतःचा कॉम्प्युटर नसलेला विद्यार्थी तो खिशात घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊ शकतो.

गुडघ्याच्या वरचं सांगणारी काठी

आता आपल्या देशातलं उदाहरण बघा. साधी पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा, पायरी, दगड ओळखते. पण उभ्या ट्रकचा बाहेर आलेला मागचा भाग, खाली झुकलेली फांदी, उघडी खिडकी तिला कळत नाही आणि मार थेट छातीला किंवा तोंडाला बसतो. आयआयटी दिल्लीतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. सक्षम ही दिल्लीची संस्था आणि चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी त्यांच्याबरोबर होती. २०१४ मध्ये ‘स्मार्ट केन’ बाजारात आली.

हे खरं तर पांढऱ्या काठीच्या मुठीला बसवायचं एक छोटं उपकरण आहे. वटवाघूळ जसं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतं, तसं ते समोरच्या ३ मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतं आणि मुठीत कंप देतं. अडथळा जवळ येत गेला की कंप बदलत जातो. कानात काही वाजत नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकायला कान मोकळे राहतात. परदेशात अशा काठ्या कितीतरी पट महाग होत्या, ही सुरुवातीला सुमारे ३,००० रुपयांना मिळू लागली. बनवताना अंध व्यक्तींनी ती रस्त्यावर वापरून पाहिली आणि काय हवं, काय नको ते सांगितलं.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून सुरू आहे. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न ठरवलेल्या मर्यादेत बसत असेल, तर या योजनेतून काठी, ब्रेलचं साहित्य, स्मार्ट केनसारखी साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ हे मोफत ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची ते ॲप सांगतं, इंटरनेट नसलं तरीही.

फुकट असूनही कुठे अडतं?

इतकं सगळं असूनही गाडी का अडते? एक म्हणजे शिकवणारं कोणी जवळ नसतं. टॉकबॅक फुकट असला तरी तो सरावाने येतो आणि काठी घेऊन एकट्याने रस्ता ओलांडायचं तंत्र शिकावं लागतं. मोठ्या शहराबाहेर असं प्रशिक्षण मिळणं अवघड असतं.

दुसरा अडथळा आपण डोळसांनी उभा केलेला आहे. स्क्रीन रीडरला फक्त लिहिलेलं वाचता येतं. ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर तो नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. ‘पैसे पाठवा’ कोणतं आणि ‘रद्द करा’ कोणतं, हे कळणार कसं? दुकानातल्या सपाट टचस्क्रीनच्या कार्ड मशीनवर आकडे हाताला लागत नाहीत. मग पिन दुकानदाराला सांगायचा का? बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसीची पद्धत सर्वांना जमेल अशी करायला सांगितलं.

तुम्ही आजपासून काय करू शकता?

• घरात कोणाची नजर कमी झाली असेल, तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जा आणि टॉकबॅक दाखवा. त्याआधी तो बंद कसा करायचा ते पाहून ठेवा. तो सुरू असताना एकदा टेकवलं की वाचतो, दोनदा टेकवलं की उघडतो आणि सरकवायला दोन बोटं लागतात.

• लग्नपत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकलात तर खाली तारीख, वेळ, स्थळ टाइप करा. सोसायटीची नोटीस आणि शाळेचा गृहपाठ यांचंही तसंच. आई किंवा बाबा अंध असतील, तर गृहपाठाचा नुसता फोटो त्यांच्या उपयोगाचा नाही.

• तुम्ही किंवा तुमची मुलं ॲप, वेबसाइट बनवत असाल, तर प्रत्येक बटणाला नाव द्या आणि डोळे मिटून टॉकबॅकवर एकदा ते चालवून बघा.

• एखाद्या ॲपमध्ये अडलं, तर कंपनीला कळवा. एका ग्राहकाच्या तक्रारीने झालेली दुरुस्ती पुढच्या हजारो जणांना उपयोगी पडते.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. घरच्या ग्रुपवर आज आलेला शेवटचा फोटो उघडा आणि त्याखाली दोन ओळी लिहा. सुरुवात तिथूनच होऊ द्या.