पाठचे पोटात, थोरले पदराखाली

घरात पुन्हा दिवस राहिल्याचे कळले की पहिली गदा येते ती थोरल्या मुलाच्या दुधावर. कोल्हापुरातील पेठा असोत की करवीर, शिरोळ तालुक्यांतील उसाची गावे, दीड वर्षाच्या मुलाचे अंगावरचे दूध तोडण्याचा सल्ला वडीलधाऱ्या बायका तत्काळ देतात. पोटुशीचे दूध बाधते, पोटातल्याचा वाटा थोरले खाते, ही त्यामागील समजूत. मग कडुलिंबाचा पाला वाटून लावला जातो, नाहीतर मुलाची रवानगी आजोळी होते. आईला काय वाटते, हे सहसा कोणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्र या समजुतीला दुजोरा देत नाही. स्तनपानाने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व त्याने गर्भाशय आकुंचन पावते, हे खरे; परंतु निरोगी गर्भारपणात दिवस भरत येईपर्यंत गर्भाशय त्याला फारशी दाद देत नाही. दूध नासत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास ते बहुधा आटू लागते, त्याची चव पालटते आणि पुष्कळ मुले आपण होऊन पिणे सोडतात. मात्र जिला रक्तस्राव होतो, पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली आहे वा पोटात जुळी आहेत, तिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वागावे.

घाईने दूध तोडण्याची किंमत थोरल्याला मोजावी लागते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधील म्हणजे आजच्या घानातील एका कुपोषणजन्य व्याधीला तेथील लोकांचाच ‘क्वाशिओरकर’ हा शब्द दिला. पाठचे भावंड आल्यामुळे बाजूला सारलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. दूध सुटले आणि त्याच्या जागी नुसती मक्याची पेज आली, की मुलाच्या अंगावर सूज चढे.

तेव्हा खरा प्रश्न दुधाचा नसून ताटाचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला रोज ३५० आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने ६०० उष्मांक अधिक लागतात. जी गर्भवती असून पाजतेही आहे, तिची गरज उघडच मोठी. आणि आपल्याकडे सून जेवते ती सर्वांच्या शेवटी! १९७५ पासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला आणि सहा महिन्यांवरील मुलाला आहाराचा स्वतंत्र हक्क दिला. तोच शिधा घरी येऊन सगळ्यांच्या भांड्यांत वाटला गेला, तर हक्क कागदावरच उरतो.

दूध तोडायचे की चालू ठेवायचे, हे तिच्या प्रकृतीने व तिच्या इच्छेने ठरावे. तोडायचे झाल्यास ते हळूहळू तोडावे, आणि मुलाला वरण-भात, अंडे, दूध नियमाने मिळू लागल्यावरच. तिच्या ताटात आधी वाढणे, हे काम मात्र घरातील कोणालाही आजच करता येण्याजोगे आहे.