काविळीचा खर्च : दवाखान्यातला आणि हजेरीपटावरचा

विषाणूजन्य यकृतदाहाचा देशावरील आर्थिक भार दोन भागांत मोजतात : तपासण्या, औषधे व रुग्णालय यांवरील प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेले श्रम व अकाली मृत्यू यांमुळे गमावलेली कमाई, म्हणजे अप्रत्यक्ष खर्च. दूषित पाण्यातून पसरणारे ‘अ’ व ‘ई’ हे प्रकार बहुधा आपोआप बरे होत असले, तरी कामगाराला कित्येक आठवडे घरी बसवतात.

पुण्याजवळच्या देहूरोडला हा दुसरा खर्च सर्वांना सारखा पडत नाही. दारूगोळा कारखान्यातील कायम कर्मचाऱ्याला पगारी रजा असते. लगतच्या तळवडे-चाकण पट्ट्यातील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार मात्र १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेवर विसंबतो. तिच्यातील आजारपण लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के, वर्षातून कमाल ९१ दिवस मिळतो; म्हणजे ६०० रुपये रोज असलेल्याला ४२० रुपये मिळतात आणि उरलेले १८० घरखर्चातून कापले जातात. शिवाय सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा असावे लागते. नेमकी हीच अट नव्याने लागलेल्या कंत्राटी कामगाराला नडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ‘ब’ प्रकाराचे २.९८ कोटी व ‘क’ प्रकाराचे ५५ लाख बाधित होते. ‘क’वरील सोफोसबुविर या औषधाचा बारा आठवड्यांचा उपचार २०१३ मध्ये अमेरिकेत ८४,००० डॉलरना पडे, भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्यांमुळे तो आवाक्यात आला आणि २८ जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत झाला. अडचण आता निदानाची आहे, कारण हा संसर्ग वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतो आणि पुष्कळदा यकृत निकामी होऊ लागल्यावरच उघड होतो.