कोरड्या शहराचा थंडावा: जयपूरचा धडा
जयपूरची रामनिवास बाग महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, १८६८ मध्ये साकारली. दाट वस्तीच्या या शहरात अशा बागा उन्हाळ्यात मोठा आधार ठरतात.

वृक्ष दोन प्रकारे थंडावा देतात. सावलीमुळे रस्ते व भिंती कमी तापतात, तर पानांतील बाष्पोत्सर्जन हवेतील उष्णता शोषते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते.

मात्र हा थंडावा पाण्यावाचून मिळत नाही. जयपूरचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी शहर बनास नदीवरील बिसलपूर धरणावर विसंबून आहे. उघड्या हिरवळीला मे महिन्यात वारंवार पाणी लागते, शिवाय तिची सावली नसते. खोल मुळांचा वृक्ष रुजल्यावर कमी सिंचनात तग धरतो. नाहरगड टेकड्यांलगतच्या किशनबागेत मरुभूमीतील स्थानिक वनस्पती याच विचाराने जोपासल्या आहेत.

महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण शहरांनाही हाच हिशेब लागू पडतो. विस्तार कार्यकर्त्यांनी नगरपालिकांना हिरवळीऐवजी कडुनिंब, करंज यांसारखे वृक्ष, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा वापर सुचवावा. रोपवाटिकाधारक शेतकऱ्यांनी स्थानिक वृक्षांची जोमदार रोपे तयार ठेवल्यास त्यांनाही बाजारपेठ मिळू शकेल.